इम्प्रेशनिस्ट पद्धतीच्या चित्रात रेखाटन कधी, कुठे आणि किती करायचं

इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे समोरचा उजेड सुट्या फटकाऱ्यांत पकडत, निसर्गचित्र करायला बसलेल्यांची चित्रं बहुतेक वेळा दोनच तऱ्हांनी फसतात. काही जण आधी पेन्सिलीने घर, झाड, पायवाट, अगदी खिडकीचे गजसुद्धा काढून घेतात आणि मग त्या रेघांच्या आत तुटक फटकारे भरत बसतात. चित्र रंगभरणाच्या पुस्तकातल्या पानासारखं दिसायला लागतं. फटकारे सुटे असतात, पण कडा सगळीकडे सारख्याच कडक. दुसरे काही जण ‘इम्प्रेशनिस्ट रेखाटन करतच नसत’ हे कुठेतरी ऐकून थेट रंग लावायला घेतात. तासाभरात घर कललेलं असतं, नदी भिंतीसारखी उभी राहिलेली असते आणि कितीही रंग चढवला तरी चित्र सावरत नाही.

दोघांच्याही डोक्यात रेखाटन म्हणजे बाह्यरेषा हेच पक्कं बसलेलं असतं. एकजण ती रेषा धरून ठेवतो, दुसरा टाकून देतो. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीतून ही सवय फार लवकर लागते. त्या तयारीतून आलेली प्रमाणाची आणि मापण्याची नजर पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणारच आहे. सोडायची आहे ती फक्त प्रत्येक वस्तूभोवती रेघ ओढून तिला बंद करण्याची सवय.

मोने, पिसारो, मोरिसो, देगा या एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये काम करणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या कामात रेखाटन चार जागी होतं. कॅनव्हासच्या आधी वहीत, कॅनव्हासवर थोड्या खुणांमध्ये, रंगाच्या प्रत्येक ठिगळाच्या आकारात, आणि दोन ठिगळं जिथे भेटतात त्या कडेत. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. ते जागेवर बसून करायच्या तैलरंगातल्या निसर्गचित्रासाठी आहेत. मानवाकृतीचा मार्ग वेगळा, म्हणून तो शेवटाकडे घेतला आहे.

## तयारी

वेळ. ऊन कुठून येतं यावर सावलीचा आकार ठरतो आणि या पद्धतीत सावलीचा आकार हाच रेखाटनाचा कणा आहे. मोने-पिसारो फ्रान्सच्या ज्या नॉर्मंडी भागात काम करत, तिथे भर उन्हाळ्यातल्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ६४ अंशांच्या वर जात नाही, म्हणून दिवसभर थोडीफार तिरपी सावली मिळते. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो दुपारी जवळपास डोक्यावर असतो. तेव्हा सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात, भिंती सपाट दिसतात आणि रेखाटायला काही उरत नाही. सकाळी ९ च्या आत किंवा दुपारी ४ नंतर बसा. हे पाळलं नाही तर पुढचे सगळे टप्पे जड जातील.

साहित्य. खिशात मावेल अशी वही, २बी किंवा ४बी पेन्सिल, कोळशाची एक कांडी. कॅनव्हास १२ × १६ इंचांपेक्षा मोठा नको. राठ केसांचे सपाट ब्रश: खुणांसाठी २ नंबर, रंगासाठी ६ आणि ८. टर्पेंटाइन, पॅलेट नाइफ आणि भरपूर चिंध्या. चिंधी हेच इथलं खोडरबर आहे.

चौकट. जाड पुठ्ठ्यात ६ × ८ सेंमीची खिडकी कापा. १२ × १६ इंच कॅनव्हासचं प्रमाणही ३ : ४ आहे, म्हणून ही मापं. कॅनव्हास वेगळा असेल तर खिडकीही त्याच प्रमाणात कापा.

ओळंबा. हातभर दोऱ्याला एक किल्ली बांधा. सरळ उभी रेषा कोणती, हे डोळ्यांपेक्षा हा दोरा खरं सांगतो.

पृष्ठभाग. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर कोणताही रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. मग आपण सगळंच फिकट लावत जातो आणि टोनचं, म्हणजे उजळ-गडदपणाचं, गणित पहिल्या दहा मिनिटांत चुकतं. आदल्या दिवशी फिकट राखी किंवा मातकट रंगाचा पातळ थर देऊन वाळू द्या. इम्प्रेशनिस्टांनी पांढऱ्याच्या जवळचे पृष्ठभाग वापरले, तसे राखी आणि पिवळसरही वापरले, आणि फटकाऱ्यांच्या फटींतून ते दिसू दिले. त्या फटी पाचव्या टप्प्यात तुमच्याही उपयोगी पडतील.

*खबरदारी:* हा थर अॅक्रिलिकचा देणार असाल तर कॅनव्हासचं प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) अॅक्रिलिकचं असल्याची खात्री करा. तैलप्रायमरवर अॅक्रिलिक नीट धरत नाही.

## टप्पा १: वहीतली चौकट

जागेवर पोचल्यावर ईझल लगेच उघडू नका. पुठ्ठ्याची खिडकी डोळ्यांसमोर धरून फिरा. चार पावलं डावीकडे सरकल्यावर झाडाचं खोड घराच्या कोपऱ्यावर येतं की सुटं राहतं, हे पाहायचं आहे. मग वहीत ६ × ८ सेंमीचे तीन-चार चौकोन आखून प्रत्येकात एक मांडणी काढा. एकेका चौकोनाला दोन मिनिटं पुरे.

या चौकोनांत फक्त रेषा येतात: क्षितिज, मोठ्या आकारांच्या सीमा आणि चौकटीच्या काठावर काय कापलं जातंय ते. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात मोनेच्या वह्या आहेत. १८७७ साली त्याने सां-लाझार स्टेशनची चित्रमालिका केली, त्या वेळची रेखाटनंही त्यांत आहेत. छायांकन जवळपास नाही. छपराचा त्रिकोण, रुळांची दिशा, इंजिनाची जागा, बस्स. कुठे उभं राहायचं आणि काय कापायचं, एवढंच त्या रेषांना ठरवायचं होतं. धूर, वाफ आणि ऊन या गोष्टी रंगासाठी राखून ठेवल्या होत्या. तुमच्या चौकोनांकडूनही एवढीच अपेक्षा ठेवा.

नेहमीच्या चुका इथे दोन. पहिली, चौकोन हवा तसा लांबट किंवा चौरस काढणं. मांडणी वहीत छान बसते आणि कॅनव्हासवर आल्यावर खाली हातभर जमीन उरते. दुसरी, चौकोनातच पानं आणि कौलं काढायला लागणं.

*तपासणी:* वही हातभर लांब धरा. तीन ते पाच मोठे आकार चटकन ओळखू येत असतील तर पुढे जा. मोजता येणार नाहीत इतके आकार असतील तर चौकट आवळा किंवा जागा बदला.

## टप्पा २: टोनचं रेखाटन

निवडलेली मांडणी वहीच्या नव्या पानावर पुन्हा काढा, या वेळी रेघा न मारता कोळशाची कांडी आडवी धरून. टोन तीनच: कागदाचा पांढरा, मधला राखी, गडद. डोळे अर्धे मिटून पाहा आणि जे आकार एकमेकांत मिसळलेले दिसतात ते मिसळूनच काढा.

सगळ्यात जास्त घाई इथे होते, आणि ती सगळ्यात महागात पडते. झाडाची सावली जमिनीवर पडते, तिथून भिंतीवर चढते आणि वळचणीखालच्या अंधारात मिळते. आपल्या मनात या तीन वस्तू आहेत: जमीन, भिंत, छप्पर. डोळ्यांना मात्र एकच सलग गडद आकार दिसतो. बाह्यरेषेची सवय असलेला हात तिथे दोन ठिकाणी रेघ मारून त्याचे तुकडे करतो, आणि उन्हाचा भास तिथेच संपतो. सावल्या जोडा. नावं विसरा.

तीन टोन मांडताना एक अडचण येईल. काही आकार रंगाने अगदी वेगळे असतात, पण टोनने सारखेच. मोनेच्या १८७२ सालच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’चं छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. नारिंगी सूर्य आजूबाजूच्या राखी-निळ्या आकाशात जवळपास विरून जातो, कारण दोन्हींचा उजळपणा सारखाच आहे. तो सूर्य पेन्सिलीने उठून दिसेल असा काढला असता तर रेखाटन चित्राशी खोटं बोललं असतं. असा आकार भेटला की तो टोनने वेगळा करू नका. तिथे बारीक अक्षरांत लिहा: ‘टोन एक, रंग वेगळा’.

लिहिण्याची लाज बाळगू नका. मोनेला तरुणपणी घराबाहेर चित्र काढायला नेणारा युजेन बुदां आपल्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारासुद्धा लिहून ठेवायचा. तुम्ही वेळ, उन्हाची दिशा आणि दोन-तीन रंगांच्या नोंदी तरी लिहा.

*तपासणी:* पानावर वेळ लिहिलीय का? सावलीच्या आकाराची सीमा स्पष्ट आहे का? सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पुढच्या दोन तासांत समोरची सावली बदलेल, वहीतली बदलणार नाही. यापुढे सावलीच्या आकारासाठी हे पानच प्रमाण मानायचं.

## टप्पा ३: कॅनव्हासवरच्या खुणा

इथे पेन्सिल लागत नाही. २ नंबरच्या ब्रशने, अल्ट्रामरीन निळ्यामध्ये किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घालून टर्पेंटाइनने चहाइतका पातळ केलेला रंग घ्या. क्रम असा:

१. क्षितिज, म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. ती घरामागे किंवा झाडामागे लपलेली असली तरी काठावर खूण करा.

२. सर्वांत मोठ्या आकाराच्या चार सीमा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चार छोटे आडवे-उभे फटके, रेघ नाही.

३. बाकीच्या मोठ्या आकारांच्या सीमा, पहिल्या आकाराशी तुलना करून.

४. एक पक्की उभी रेषा, ओळंब्यावरून. घराचा कोपरा, खांब, डोलकाठी, जे असेल ते.

५. मुख्य तिरप्या दिशा: छप्पर, रस्त्याची कड, नदीचा काठ.

६. सावलीच्या आकाराची वळणं, टप्पा २ च्या पानावरून.

मापताना हात कोपरात न वाकवता ताणून ठेवा, एक डोळा मिटा, ब्रशचा दांडा समोर धरून अंगठ्याने माप पकडा. कोपर वाकलं की दर वेळी वेगळं माप येतं. प्रमाण चुकण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. मिळालेलं माप जसंच्या तसं कॅनव्हासवर उतरवायचं नसतं. ‘घराच्या उंचीत त्याची रुंदी किती वेळा बसते’ असं गुणोत्तर घ्यायचं असतं. झाडाच्या आणि घराच्या मधली मोकळी जागाही मापा. त्या मोकळ्या आकाराला नाव नसतं, म्हणून डोळा तो जास्त प्रामाणिकपणे पाहतो.

रस्ते आणि इमारती चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापत असतील तर एवढ्या खुणा पुरणार नाहीत. ग्युस्ताव कायबोतचं १८७७ सालचं ‘पॅरिस स्ट्रीट, रेनी डे’ पाहा. जवळपास तीन मीटर रुंदीच्या या चित्रासाठी त्याने इमारतींचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आधी कागदावर रेखाटून घेतलं आणि माणसांचे अभ्यास वेगळे केले. त्यानेही इम्प्रेशनिस्टांबरोबरच प्रदर्शनं मांडली. शहराचं दृश्य करायचं असेल तर त्याच्या मार्गाने जा. लुप्तबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळतात तो बिंदू, कागदावर सोडवा आणि फक्त ठरलेल्या रेषांच्या टोकांच्या खुणा कॅनव्हासवर आणा.

*खबरदारी:* पेन्सिलीच्या रेघा पातळ रंगाखालून चमकत राहतात आणि तैलरंग वर्षांगणिक पारदर्शक होत गेला की जास्तच वर येतात. कोळसा वापरलात तर फडक्याने झटकून फक्त पुसट छाप ठेवा, नाहीतर पहिल्याच थरात पिवळा आणि गुलाबी मळतो. जलरंगात काम करणाऱ्यांनी फिकट एचबी चालवून घ्यावी, पण उन्हाच्या जागेभोवती रेघ नको. तिथे ती शेवटपर्यंत दिसते.

*तपासणी:* दहा पावलं मागे जा. चित्र काय होणार हे कळायला हवं, पण कोणतीही वस्तू पूर्ण काढलेली दिसायला नको. एखाद्या वस्तूची बाह्यरेषा कुठेही जुळून बंद झाली असेल तर चिंधीने दोन ठिकाणी तोडा.

## टप्पा ४: ठिगळाचा आकार हेच रेखाटन

जिव्हर्नी या मोनेच्या गावी त्याच्या शेजारी काही उन्हाळे राहिलेली अमेरिकन चित्रकार लिला कॅबट पेरी हिने मोनेचा सल्ला नोंदवून ठेवला आहे. समोर झाड आहे, घर आहे, शेत आहे हे विसर आणि इथे निळ्याचा छोटा चौकोन, तिथे गुलाबीचा लांबट तुकडा, पलीकडे पिवळ्याची पट्टी असं पाहा, अशा अर्थाचा. हे वाक्य फार उद्धृत होतं आणि फार चुकीचं वापरलं जातं. लोक त्यातले रंग ऐकतात. चौकोन, लांबट तुकडा आणि पट्टी ऐकत नाहीत. तो आकारांबद्दल बोलत होता. ठिगळाचा आकार, माप आणि कल अचूक बसला तर त्याभोवती रेषेची गरज उरत नाही.

म्हणून प्रत्येक ठिगळ लावण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेजारच्या ठिगळाच्या तुलनेत हे केवढं? त्याची कड कोणत्या बाजूला कललीय? शेजाऱ्यापेक्षा गडद की उजळ? रंग कोणता हा चौथा प्रश्न, पहिला नाही.

सुरुवात सावलीच्या सर्वांत मोठ्या आकारापासून करा आणि लगेच त्याला टेकलेलं उजेडाचं ठिगळ लावा. ही जोडी बसली की पुढची जोडी. आकाश पूर्ण, मग झाडं पूर्ण, मग जमीन, असं खाली येऊ नका. पिसारोने १८९० च्या दशकात लुई ल बाय या तरुण चित्रकाराला दिलेल्या सल्ल्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या: आकाराची कड फार घट्ट बांधू नकोस, योग्य टोनचा आणि रंगाचा फटकाराच रेखाटन करेल, आणि आकाश, पाणी, फांद्या, जमीन सगळं एकदम पुढे ने. दुसरी गोष्ट पहिलीची अट आहे. आकाश पूर्ण झालं की झाडाची कड ठरून जाते, आणि मग झाड त्या कडेत भरावं लागतं. म्हणजे बाह्यरेषा पुन्हा आलीच, मागच्या दाराने.

पहिल्या अर्ध्या तासात सगळा कॅनव्हास पातळ झाकला गेला पाहिजे, कितीही ओबडधोबड का होईना. ठिगळांमध्ये केसाएवढ्या फटी राहू द्या.

फटकाऱ्याची दिशा. फटकाऱ्याची दिशा पृष्ठाचा कल सांगते, म्हणून तीही रेखाटनच आहे. १८७२ च्या सुमाराच्या ‘आर्जांतय येथील शर्यती’ या मोनेच्या चित्रात शिडांची आणि घरांची प्रतिबिंबं जाड, आडव्या पट्ट्यांची आहेत. त्या पट्ट्या आडव्या आहेत म्हणूनच पाणी पसरलेलं दिसतं. तेच रंग उभ्या फटकाऱ्यांनी लावले असते तर पाण्याची भिंत झाली असती. सगळ्या चित्रभर स्वल्पविरामासारखे एकाच कलाचे फटकारे मारणं ही शैली नाही, तो रेखाटनाचा दोष आहे. पाणी आडवं, भिंत उभी, छप्पर त्याच्या उतारावर, गवत खालून वर. पालवीत फांदीच्या दिशेने, आणि फांद्यांच्या दिशा बदलतील तसे फटकारेही बदलत.

*तपासणी:* चित्र उलटं करा, डोकं खाली. वस्तू ओळखू येईनाशा होतात आणि आकारांचा तोल दिसतो. एखादं ठिगळ फार मोठं झालं असेल तर आत्ताच कळेल.

## टप्पा ५: कडा

माझ्या मते या पद्धतीचं खरं रेखाटन इथे आहे, आणि सर्वांत कमी शिकवलं जातं तेही हेच.

लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीचं आणि डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीबरोबर आलटून-पालटून दाखवलं जाणारं, रेन्वार या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं ‘द अम्ब्रेलाज’ हे चित्र कडा शिकण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण एकाच कॅनव्हासवर दोन तऱ्हा सापडतात. उजवीकडची आई आणि दोन मुली त्याने १८८१ च्या सुमारास रंगवल्या: मऊ, पिसासारखे फटकारे, केस आणि कपडे हवेत विरघळणारे. डावीकडची टोपली घेतलेली बाई त्याने काही वर्षांनी पुन्हा रंगवली, तेव्हा त्याचा ओढा ठाशीव रेखाटनाकडे वळला होता. तिची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आहे. पुढे ‘मोठ्या स्नानसुंदरी’ या १८८४ ते १८८७ च्या चित्रासाठी त्याने कितीतरी पूर्वरेखाटनं केली आणि बाह्यरेषा शेवटपर्यंत टिकवली. त्या आकृती सुंदर आहेत, पण मागच्या निसर्गापासून सुट्या उभ्या राहतात. कड कडक ठेवली की ही किंमत मोजावी लागते. मोजायची की नाही, हे ठरवून मोजा.

कामापुरत्या कडा तीन प्रकारच्या धरा.

कडक कड. जिथे ऊन आणि सावली थेट भिडतात आणि जिथे नजर थांबावी असं वाटतं. दोन रंग शेजारी ठेवा, ब्रश उचला, परत हात लावू नका. अशा जागा चित्रात दोन-तीनच.

मऊ कड. गोल वळणारे आकार, दूरची झाडी, ढग. दोन्ही रंग ओले असताना स्वच्छ कोरडा ब्रश कडेवरून एकदाच फिरवा. दोनदा फिरवला की चिखल होतो.

हरवलेली कड. जिथे दोन आकारांचा टोन सारखा आहे. टप्पा २ मध्ये जोडलेल्या सावल्या इथे कामी येतात. खोडाचा सावलीतला भाग आणि मागची गर्द झाडी यांच्यात कड काढूच नका. बघणारा ती स्वतः पूर्ण करतो.

यांच्या जोडीला राखून ठेवलेली फट. उन्हातल्या भिंतीच्या आणि आकाशाच्या मधून पृष्ठभागाचा मातकट रंग बारीक दिसत राहिला तर दोन्ही रंग स्वच्छ राहतात आणि कड थरथरते. रेघ मारून हा परिणाम मिळत नाही.

बाहेरून कोरणं. झाडाची कड झाडाच्या हिरव्याने काढू नका. आधी पालवीचा आकार थोडा मोठा लावा आणि मग आकाशाच्या रंगाने बाहेरून आत येत तो कोरा. पानांमधल्या आकाशाच्या भोकांसाठी आकाशाचाच रंग, पण किंचित गडद करून. उघड्या आकाशाइतकाच उजळ ठेवला तर ती भोकं पालवीच्या पुढे टांगलेली दिसतात. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की चित्र संपवण्याआधी फक्त तेवढ्यासाठी एकदा पाहावं.

शेवटच्या रेषा. रेषेला बंदी नाही. ‘इम्प्रेशन, सनराइज’मधली पुढची होडी आणि तिच्यातली माणसं गडद रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेली आहेत, आणि सगळं धुकं त्यांच्यामुळे धुकं वाटतं. डोलकाठी, बारीक फांदी, कुंपणाचा खांब अशा गोष्टी शेवटी, भरलेल्या ब्रशने, एका दमात. चुकली तर नाइफने खरवडून पुन्हा. तिच्यावरूनच दुसरी रेघ गिरवू नका.

*खबरदारी:* कड ‘नीट’ करण्यासाठी गडद रेघ ओढावीशी वाटली तर समजा की कडेच्या दोन्ही बाजूंपैकी एकीचा टोन चुकलाय. टोन दुरुस्त करा. रेघ ओढली तर चूक झाकली जाते आणि पहिल्या प्रकारच्या फसलेल्या चित्रात आपण परत पोचतो.

## टप्पा ६: माणसं

चित्रात लांबवर माणसं हवी असतील तर क्षितिजाची खूण उपयोगी येते. सपाट जमिनीवर उभे राहून काढत असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या, जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजाच्या पातळीवर येतात; लांबच्याचे पाय फक्त वर सरकतात. उंचावरून पाहत असाल तर डोकी क्षितिजाच्या खाली जातात. मोनेच्या ‘बूलव्हार दे काप्युसिन’मध्ये वरच्या मजल्यावरून दिसणारी गर्दी तशी आहे. तिथे एकेक माणूस एक-दोन काळपट फटकाऱ्यांत संपतो, आणि इम्प्रेशनिस्टांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनावर लिहिताना टीकाकार लुई लरुआ याने त्या फटकाऱ्यांचीच खिल्ली उडवली होती. पण त्या फटकाऱ्यांचा कल पाहा: चालणारा पुढे झुकलाय, थांबलेला सरळ आहे. डोकं लहान ठेवा, पाय एकाच ठिपक्यात मिळवा, आणि कल ओळंब्याशी ताडून पाहा.

मोठी मानवाकृती मात्र या मार्गाने करू नका. तिथे देगाकडे जावं लागतं. तो आठपैकी सात इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत होता, आणि त्याचं सगळं काम कागदावरच्या रेखाटनावर उभं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं ‘चप्पल नीट करणारी नर्तकी’ हे १८७३ चं रेखाटन गुलाबी कागदावर पेन्सिलीने केलेलं आहे, वर पांढऱ्या खडूचे उजेड आहेत आणि सगळ्यावर चौकटींची जाळी आखलेली आहे. ती जाळी आकृती मोठ्या चित्रात हलवण्यासाठी. त्याची पद्धत आपल्याला अशी वापरता येते:

१. व्यक्तीला समोर बसवून रंगीत कागदावर रेखाटन करा. कागद मधला टोन, पेन्सिल गडद, पांढरा खडू उजेड.

२. ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त उपयोगी रेषा उचला. हे करताना चुकीच्या रेषा आपोआप गळतात. देगा एकाच आकृतीवर असे कितीतरी कागद चढवत सुधारणा करत जायचा. कागद उलटा करून आकृती दुसऱ्या दिशेला तोंड केलेलीही पाहा.

३. जाळी आखून कॅनव्हासवर सांध्यांच्या खुणा आणा: डोकं, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे.

४. इथून पुढे टप्पा ४ आणि ५ जसेच्या तसे.

तिसऱ्या पायरीवर ट्रेसिंगची पूर्ण बाह्यरेषा कॅनव्हासवर छापण्याचा मोह होतो. टाळा.

## टप्पा ७: दुसरी बैठक

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी बसा. वहीतली वेळ पाहा. पेरीनेच नोंदवलंय की मोनेच्या पॉपलर वृक्षांच्या एका चित्रातला प्रकाशाचा परिणाम जेमतेम सात मिनिटं टिकायचा. झाडाच्या एका ठरावीक पानावरचं ऊन सरलं की मोने तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. दुसऱ्या कॅनव्हासशिवायही हा नियम पाळता येतो: प्रकाश बदलला की रंग थांबवा, आणि उरलेला वेळ वहीत घालवा.

रूआं शहरातल्या कॅथीड्रलची चित्रं मोनेने १८९२ आणि १८९३ मध्ये समोरच्या इमारतींतल्या जागा भाड्याने घेऊन केली. कमानी, मनोरा, घड्याळ यांच्या जागा कित्येक कॅनव्हासांवर जवळपास त्याच राहतात आणि वेळेनुसार फक्त उजेड बदलतो. मांडणीचा प्रश्न एकदा सुटला की तो पुन्हा उघडायचा नसतो. म्हणून दुसऱ्या बैठकीत मोठ्या आकारांच्या जागा हलवू नका. प्रमाणाची मोठी चूक सापडलीच तर तो भाग नाइफने खरवडून कॅनव्हासपर्यंत आणा, खुणा पुन्हा करा, आणि टप्पा ४ पासून तेवढ्या भागात परत काम करा. ओल्या रंगावर रंग चढवून चूक सरकत नाही, जाड होते.

चूक शोधायला आरसा वापरा. ईझलकडे पाठ करून खांद्यावरून आरशात चित्र पाहिलं की कललेली घरं आणि वाकडी डोलकाठी लगेच दिसते.

घरी नेल्यावर मोबाइलमधल्या फोटोवरून कडा ‘पक्क्या’ करू नका. फोटोत सावल्या काळ्या पडतात, प्रत्येक कड सारखीच तीक्ष्ण येते, आणि रुंद भिंगामुळे काठाकडचे आकार ताणलेले येतात. घरी फक्त तीन गोष्टी करायला हरकत नाही: पानांमधल्या आकाशाच्या भोकांचा टोन तपासणं, कडक कडा तीनपेक्षा जास्त झाल्या असतील तर ओल्या रंगात मऊ करणं, आणि शेवटच्या रेषांपैकी नको असलेल्या खरवडून काढणं. वहीचं पान कॅनव्हासच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. त्याच जागी पुन्हा जाल तेव्हा वेळ, उन्हाची दिशा आणि सावलीचा आकार तिथेच सापडेल.